एंग्लिश हाउसचं आख्यान

येनापासून बसने पाऊण तासावर, टेकडीच्या पोटाशी, विटांचं एक मोठं घर आहे. त्याचं नाव ग्र्यूनहोफ. पण गावात ते नाव कुणी घेत नाही, सगळे म्हणतात एंग्लिश हाउस. खिडक्या बाहेर न उघडता वर सरकणाऱ्या, खोलीगणिक शेकोटी, पुढे हिरवळीचा उतार आणि खाली तळं. जर्मनीच्या मुलखात हे विलायती घर कुठून आलं, ती गोष्ट मोठी आहे. आणि ती गाऊन सांगायचं काम मिरजेच्या वसुधाबाईंवर आलं.

वसुधाबाई म्हणजे तिसऱ्या पिढीच्या कीर्तनकार. सत्तरीला टेकल्या होत्या, पण कपाळी बुक्का लागला आणि हातात झांज आली की वय खाली बसायचं आणि बाई उभ्या राहायच्या. त्यांच्या वडिलांनी एक प्रथा पाडली होती. काशीला गेलं की आवडती गोष्ट सोडून यायची, तशी कीर्तन संपताना प्रत्येकाने एक गोष्ट सोडायची. बाई उपरण्याची झोळी पसरायच्या, आणि लोक एकेक करून पुढे यायचे. कुणी तंबाखू सोडली, कुणी वांगं सोडलं. एकदा एका गृहस्थाने सख्ख्या भावावरच्या दाव्याचे कागदच झोळीत टाकले होते. तो दिवस वसुधाबाई आयुष्यभर सांगत आल्या. देव दगडात असेल नसेल, पण माणसाची मूठ उघडते तेव्हा तो तिथे असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळा सालच्या उन्हाळ्यात, त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आल्या. शिरीष येनात सॉफ्टवेअरमध्ये. आदल्या वर्षीच त्याने आणि त्याच्या बायकोने, चारुलताने, हे घर घेतलं होतं, आणि पाहुण्यांसाठी ते ऑगस्टमध्ये उघडायचं होतं. लग्नं, वीकेंड, फोटो. एवढं घर त्यांना परवडलं कसं, तर त्यात एक म्हातारी होती म्हणून.

फ्राउ वेन्झल. वय एक्क्याऐंशी. खालच्या मजल्यावरच्या, बागेत दार उघडणाऱ्या दोन खोल्यांवर तिचा वोनरेश्ट होता, म्हणजे मरेपर्यंत तिथे राहायचा हक्क, जमिनीच्या दप्तरात नोंदलेला. मालक बदलला तरी तो हक्क हलत नाही. तो सुटायचे दोनच मार्ग. तिने आपणहून सोडला तर, नाहीतर तिने डोळे मिटले तर.

"आणि डोळे मिटायचं काही लक्षण नाही," चारुलता पोळ्या लाटता लाटता म्हणायची. "रोज सायकलवरून ब्रेड आणायला जाते. अहो आई, घरातल्या सगळ्यात सुंदर दोन खोल्या त्या. आणि तिथे काय, तर बटाट्यांची टोपली."

वसुधाबाईंची आणि फ्राउ वेन्झलची मात्र गट्टी जमली. भाषा नाही की काही नाही. दोघी बागेतल्या बाकावर बसून लालबुंद योहानिसबेरी देठापासून सोडवायच्या. वसुधाबाई गुणगुणायच्या, फ्राउ वेन्झल वाटीवर चमच्याने ठेका धरायची आणि सम बरोबर गाठायची. म्हातारीच्या पलंगाशेजारी एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"ही कोण रे?" त्यांनी शिरीषला विचारलं.

शिरीष फ्रिजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होता. "तिची मुलगी, उटे."

"कुठे असते?"

 त्याने आधी दही बाहेर काढलं. "नेकारसुल्मला. मोटारींच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहे. आईला बोलावून बोलावून थकली बिचारी. पण म्हातारी हटून बसलीय. घर सोडवत नाही."

 लेक बोलावतेय आणि आई दोन खोल्यांना चिकटून बसलीय. ही गाठ कुणी सोडवायची?

"आई," दह्याचं भांडं ठेवत शिरीष म्हणाला, "मराठी मंडळाचे लोक येतायत ना इथे, एर्लांगेनचेही. तू कीर्तन कर. आख्यान या घराचंच लाव. मी वेबसाइटसाठी गावातून सगळा इतिहास गोळा केलाय, तो सांगतो तुला. फ्राउ वेन्झलनाही बसवू. चारू शेजारी बसून जर्मनमध्ये सांगेल." मग जरा हळू आवाजात, "तुझ्या शब्दाने कुणाचं काय सुटेल, सांगता येत नाही."

आईला एवढ्या मानाने त्याने कित्येक वर्षांत काही मागितलं नव्हतं. त्या रात्रंदिवस आख्यान जुळवायला लागल्या.

कीर्तनाच्या दिवशी हॉलमधली शेकोटी फुलांनी झाकली होती. पेटीला एर्लांगेनची कुंदा, तबल्याला यशपाल. यशपाल नागपूरचा, येनाच्या संस्थेत भिंगांवर संशोधन करायचा, दर रविवारी विहारातल्या मित्रांसोबत ध्यानाला बसायचा आणि तबला मात्र कुणाच्याही देवापुढे वाजवायचा. तबला लावता लावता त्याने सहज विचारलं, "काकू, फ्राउ वेन्झलना मुलगी आहे म्हणता? मी वर्षभर येतोय इथे, कधी दिसली नाही."

"यशपाल, तो माइक बघ ना जरा," शिरीष मध्येच म्हणाला. ते तिथेच राहिलं.

फ्राउ वेन्झल पहिल्या रांगेत, निळा ठेवणीतला कोट घालून, हात मांडीवर ठेवून बसली. शेजारी चारुलता, तिच्या कानाशी.

पूर्वरंगात वसुधाबाईंनी वस्तीचा विषय मांडला. जीव या देहात भाड्याने राहतो आणि स्वतःला मालक समजतो. मध्यंतरात त्यांना हार घातला, बुक्का लागला. मग उपरणं सावरून त्या उत्तररंगाला उभ्या राहिल्या, आणि त्यांनी स्वतः बांधलेलं ध्रुवपद धरलं:

"घर कुणाचे, सांग कुणाचे?
आला म्हणे माझे, गेला त्याचे कोण?"

"तर बरं का मंडळी," झांज थांबवून त्या बोलायला लागल्या, "या जागी एक बॅरन होता. त्याने केली विलायती बायको. एडिथ तिचं नाव. तिला माहेरची आठवण येऊ नये म्हणून त्याने तिच्या बापाच्या घरासारखं हुबेहूब घर बांधलं. बांधून झालं, आणि खिडकीतून पाहतो तर काय? समोर गरिबांची सात घरं. बायकोच्या दृष्टीआड करायची कशी? पाडली. माणसं गेली टेकडीपलीकडे, आणि सात चुलींच्या जागी झाली ही हिरवळ. तुम्ही मघाशी जिच्यावर फोटो काढलेत ना, तीच."

लोक हसले, मग हसू अर्धवट राहिलं.

"बॅरन गेला. मुलगा मालक झाला. चौदा सालचं युद्ध लागलं. इंग्लंड वैरी, तर इंग्लिश आईसुद्धा वैरीण. पोटच्या पोराने आईला खालच्या दोन खोल्यांत ठेवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. ज्या घरात तिला माहेर भेटायचं, त्या घरात तिला तुरुंग भेटला. तिथेच ती वारली."

पेटीने सूर दिला. ध्रुवपद पुन्हा झालं. कुंदा डोळे पुसत होती.

"तोही मालक राहिला नाही. पंचेचाळीस साली नवं राज्य आलं. अर्ध्या तासात निघ, म्हणाले. गेला एक पेटी घेऊन. मग घरात आले निर्वासित, हातगाड्यांवर संसार घेऊन. त्यात एक दहा वर्षांची पोर होती." वसुधाबाईंनी फ्राउ वेन्झलकडे हात केला. "ती ही. पुढे घराचं अनाथालय झालं, आणि ही पोर त्याची स्वयंपाकीण झाली. चाळीस वर्षं परक्या लेकरांना जेवू घातलं हिने. मग तेही राज्य गेलं. पश्चिमेकडचा एक दंतवैद्य मालक झाला. त्याने मुलं घालवली, हिला ठेवली. का? त्याची आई अंथरुणाला खिळलेली. हिने तिचं हगणंमुतणं काढलं, शेवटपर्यंत. त्याच्या बदल्यात मिळाल्या हिला त्या दोन खोल्या. त्याच, कडी घातलेल्या."

चारुलता खालच्या आवाजात एकेक वाक्य जर्मनमध्ये करून म्हातारीच्या कानात सोडत होती. फ्राउ वेन्झलचा चेहरा लाकडासारखा झाला होता. तिचं आयुष्य तिच्यासमोर गात होतं कुणीतरी. एवढ्या वर्षांत ते कुणी ऐकूनही घेतलं नव्हतं.

मग वसुधाबाई पाटावरून खाली उतरल्या. वडील सांगायचे, खरं बोलणं जमिनीवरून बोलावं. त्या फ्राउ वेन्झलसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्या मालकांनी कुणाला ना कुणाला बाहेर काढलं. तू कुणाला काढलं नाहीस. तू घराचं देणं फेडलंस, बाई. आता या भिंतींत काय आहे तुझं? तिकडे लेक वाट बघतेय. किती वर्षं बघायला लावायची तिने? ती हात पसरून उभी आहे. ऊठ, आई, जा तिच्याकडे."

चारुलताने शब्दही न बदलता सांगितलं.

फ्राउ वेन्झलने मान वर केली. वसुधाबाईंचा चेहरा निरखून पाहिला. मग चारुलताकडे वळून काहीतरी विचारलं, अगदी लहानसा प्रश्न.

"या," चारुलता जर्मनमध्ये म्हणाली. "गेनाऊ."

म्हणजे हो, अगदी तसंच. तेवढं जर्मन वसुधाबाईंना येत होतं.

त्यांनी झोळी पसरली. शिरीष सगळ्यात आधी आला. "मी राग सोडला," म्हणाला. चारुलताने मालिका सोडल्या. कुणी साखर सोडली, कुणी रात्रीचा मोबाइल. टाळ्या, हशा. शेवटी फ्राउ वेन्झल उठली. कोटाच्या खिशातून तिने किल्ली काढली, लोकरीचा लाल गोंडा लावलेली, आणि झोळीत ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग वसुधाबाईंचे दोन्ही हात तिने कपाळाला लावले.

हॉलमध्ये हुंदके फुटले. वसुधाबाईंना वाटलं, आपल्या तीन पिढ्यांचं गाणं आज देवाच्या पायी रुजू झालं.

आरती झाली. यशपाल तबल्याची चुंबळ गुंडाळत बसला होता. प्रसाद घेताना तो म्हणाला, "काकू, राग येऊ देऊ नका. आमच्याकडे सोडणाऱ्याने आपलं सोडावं, असं सांगतात. आज नऊ खोल्यांवाल्याने राग सोडला आणि दोन खोल्यांवालीने खोल्या सोडल्या."

"अरे, ती लेकीकडे चाललीय," वसुधाबाई हसल्या. "तुला आईचं मन नाही कळायचं."

मंगळवारी शिरीष फ्राउ वेन्झलला गाडीत घालून नोटारकडे, म्हणजे दस्तनोंदणीच्या वकिलाकडे, घेऊन गेला. पुढची सीट तिला दिली, पट्टासुद्धा स्वतः लावला. तिने मुकाट्याने सही केली. हक्क सुटला.

जायच्या दिवशी वसुधाबाई पहाटे उठल्या. बेसनाचे लाडू वळले. सासुरवाशीण असो की कारखान्यातली साहेब, माहेरचं माणूस रिकाम्या हाताने जात नाही. त्यांनी स्वतःसाठी आणलेला इरकली खण काढला, त्यावर नारळ ठेवला आणि म्हातारीच्या ओटीत घातला. "उटेला," त्या म्हणाल्या. "उटेसाठी."

फ्राउ वेन्झलला ते कळलं. तिचे डोळे चमकले. तिने वसुधाबाईंचा हात धरला आणि त्यांना बागेच्या दारातून बाहेर, आपल्या खिडकीखाली नेलं. तिथे झेंडूच्या वाफ्यात गुडघाभर उंचीचा एक दगड होता. वसुधाबाईंनी तो रोज पाहिला होता. कुंपणाचा असेल, असं त्यांना वाटलं होतं. म्हातारीने वाकून पानं बाजूला केली.

अक्षरं इंग्रजीचीच. वसुधाबाईंना वाचता येत होती. उटे. खाली दोन सालं, एकसष्ट आणि सदुसष्ट.

फ्राउ वेन्झलने खण उलगडून दगडावर पांघरला, लहान मुलाला पांघरूण घालतात तसा. कडा खोचल्या. एक लाडू त्यावर ठेवला. मग बोट वर आभाळाकडे केलं, स्वतःच्या छातीला लावलं, आणि वसुधाबाईंच्या गालावरून हात फिरवला. आभार मानत होती ती.

दारात गाडी लागली. तिच्यावर आल्टेनहाइमचं नाव होतं, वृद्धाश्रमाचं. नेकारसुल्मचं नव्हे.

वसुधाबाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा चारुलता चहा गाळत होती. शिरीष लॅपटॉपवर.

"उटे मेलीय," त्या म्हणाल्या.

"हो, तळ्यात बुडाली," शिरीषने मान वर केली नाही. "आईला काम होतं, पोर एकटी खेळत होती. इथे कबरीची मुदत असते ना, ती संपली की जमीन सपाट करतात. तेव्हा दगड इथे आणला तिने. म्हणून तर खोली सोडत नव्हती."

"तू म्हणालास नेकारसुल्म."

"आई, तू विचारलंस म्हणून काहीतरी म्हणालो. पुढचं सगळं तू जोडलंस."

त्या सुनेकडे वळल्या. "कीर्तनात तिने तुला काय विचारलं होतं?"

चारुलताने गाळणी झटकली. "विचारलं, तुमच्या सासूबाईंना माझी उटे दिसते का."

"आणि तू हो म्हणालीस."

"मग काय भर कीर्तनात वाद घालू? तुम्हीच म्हणता, कीर्तनकाराच्या तोंडून देव बोलतो. देवाला नाही कसं म्हणायचं?"

त्या पुन्हा मुलाकडे वळल्या. "शिरीष, किल्ली परत दे तिला."

आता त्याने लॅपटॉप मिटला. आवाज अगदी मऊ होता, लहानपणी ताप आल्यावर असायचा तसा. "मी मागितली का किल्ली? मी एक शब्द तरी बोललो तिला? तुझ्या झोळीत पडली ती. मिरजेत त्या माणसाने दाव्याचे कागद टाकले, ते तू परत केलेस का? नाही ना? म्हणालीस, देवाला दिलेलं परत घेत नाहीत. गावभर सांगत फिरलीस."



"आणि ऐक," तो म्हणाला, "ऑगस्टपर्यंत तूच राहा तिथे. उद्याच रंग देऊन घेतो. ऑगस्टपासून पाहुणे येतील, आणि तुझा व्हिसाही तेव्हाच संपतोय."

वसुधाबाई आत गेल्या. झांज आणि चिपळ्या घेऊन आल्या, उपरण्यात घातल्या, आणि दोघांसमोर त्याची गाठ मारली. "मी कीर्तन सोडलं," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांच्याजवळ सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गाठोड्याकडे बघताना शिरीष जरासा ओशाळल्यासारखा वाटला. मग चारुलता म्हणाली, "काही हरकत नाही, आई. रेकॉर्डिंग छान झालंय. खाली जर्मन ओळी टाकल्यात."

जुलैअखेर पहिले पाहुणे घर बघायला आले. वसुधाबाई दोन खोल्यांत बसल्या होत्या. भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज आला. सात घरं पाडली, आईला कडी घातली, पोर हातगाडीवरून आली. मग तो आवाज जमिनीवर उतरला. तिकडे लेक वाट बघतेय. नंतर बागेत पावलं वाजली आणि खिडकीखाली चारुलता जर्मनमध्ये काहीतरी समजावून सांगायला लागली. बायका हळहळल्या. कॅमेरे वाजले. खण अजून दगडावर होता. चारुलताने तो मुद्दाम राहू दिला होता, रंग छान दिसतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यशपालला फोन केला. तो गाडी घेऊन आला.  तिला खरं सांगायचं, पाय धरायचे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. वाक्यंही जुळवून ठेवली होती. मला काही दिसत नाही, बाई. मला फसवलं, आणि मी तुला फसवलं.

आल्टेनहाइमच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर कुणी अनोळखी बाई झोपली होती, तोंड उघडं टाकून. दुसरीच्या काठावर फ्राउ वेन्झल बसली होती. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि तिने निळा कोट घातला होता. पायात बूट. मांडीवर पिशवी, पिशवीच्या कडीवर दोन्ही हात.

"रोज अशाच बसतात," दारातली नर्स यशपालला म्हणाली, आणि त्याने ते मराठीत सांगितलं. "सकाळी तयार होतात. रात्री कोट काढायला लावताना रडतात."

फ्राउ वेन्झलने वसुधाबाईंना ओळखलं. चेहरा एकदम उजळला. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या मागे, दाराकडे बघत होती, जरा खाली, सहा वर्षांच्या मुलीचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर. मग तिने विचारलं.

यशपाल वसुधाबाईंकडे वळला. "काकू, त्या विचारतायत, ती आली का."

जुळवलेली वाक्यं वसुधाबाईंच्या ओठांशी होती. त्यांनी त्या निळ्या कोटाकडे पाहिलं. वरपर्यंत लावलेली बटणं, फक्त गळ्याजवळचं एक उघडं.

"सांग," त्या म्हणाल्या, "वाटेत आहे."

 यशपालने ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ वेन्झलने मान हलवली, आणि गळ्याजवळचं बटण लावलं.